बुजऱ्या घोड्याला बांधताना

१७ नोव्हेंबर १८०४ची पहाट. यशवंतराव होळकरांच्या घोडदळाची छावणी फर्रुखाबादजवळ पडली होती. इंग्रजांचा सेनापती जनरल लेक अजून खूप मागं आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात लेकचे स्वार रात्रभर दौडत आले होते. ते जवळ पोचत असताना त्यांच्याच दारूगोळ्याच्या एका गाड्याचा स्फोट झाला. छावणीत तो ऐकू आला, पण फत्तेगडच्या इंग्रजी ठाण्यातली पहाटेची तोफ असेल, असं समजून कुणी तो मनावर घेतला नाही. थोड्या वेळानं छर्ऱ्यांचा मारा सुरू झाला तेव्हा घोडे मेखांना बांधलेले होते आणि स्वार त्यांच्या शेजारी पांघरुणात झोपलेले होते. यशवंतराव हाताशी आलेल्या माणसांनिशी निसटले. मागं राहिलेल्यांची धूळधाण उडाली.

इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग लेकच्या झपाट्याचा आणि होळकरांच्या गाफिलीचा दाखला म्हणून येतो. घोडे सांभाळणारा माणूस तो वाचताना एका बारीक तपशिलावर अडकतो: घोडे बांधलेले होते. त्या काळच्या तळावर घोडा बांधायचा तो अगाडी-पिछाडीनं. पुढून दोर, मागच्या पायांना दोर, दोन्हीकडे जमिनीत ठोकलेल्या मेखा. असा घोडा घेऊन पळायचं तर झोपेतून उठलेल्या स्वारानं आधी पिछाडी सोडायची, मग अगाडी, मग खोगीर चढवायचं, आणि हे सारं भडिमारानं बिथरलेल्या जनावराच्या खुरांपाशी वाकून करायचं. एरवी रात्रभर घोड्याला ठाणावर राखणारी बांधणी अशा वेळी स्वारालाही तिथंच जखडून ठेवते.

या पुस्तिकेचा विषय एवढाच आहे. बुजण्याची शक्यता असलेला घोडा बांधायचा कसा, आणि तो बुजलाच तर सोडायचा कसा? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हातात असल्याशिवाय पहिल्याला हात घालू नये, ही तिची भूमिका.

हा विषय इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याच्या अंगानं मांडायला कारण आहे. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव घोड्याच्या पाठीवरूनच माळव्यात आले. होळकरांची सत्ता घोडदळावर उभी राहिली आणि घोडदळावरच लढली. राजवाड्याचं काम मल्हाररावांच्या काळात, १७४७च्या सुमारास सुरू झालं, असं मानतात. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी; त्यामुळे आगीशी या वास्तूचं वैर जुनं. १८०१मध्ये शिंद्यांच्या बाजूनं सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं-जाळलं तेव्हा, मग १९०८मध्ये आणि पुन्हा १९८४च्या दंगलीत असा तीनदा तो जळला आणि प्रत्येक वेळी उभा केला गेला. भोवतालच्या शहरात पागनीस पागा, जिंसी, तोपखाना ही नावं आजही पत्त्यात लिहिली जातात. पागेतले घोडे गेले, पण माणसांच्या आडनावांत पागनीस आणि चाबुकस्वार राहिले आहेत.

पागेची व्यवस्था समजून घेतली तर घोडा बांधण्याचं जुनं शास्त्र उमगतं. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा मिळालेला तो बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची पुंजीच गेली, त्यामुळे घोड्याला साधं खरचटलं तरी त्याचा जीव वरखाली होई. पागेत खरारा करायला आणि चंदी चारायला मोतद्दार असे, नाल ठोकायला नालबंद, दुखणंखुपणं बघायला सालोत्री आणि शिंगरू वळणावर आणायला चाबूकस्वार. घोडा आणि मेख यांच्यामध्ये सतत कुणीतरी माणूस असायचा. घोड्यानं कान टवकारले, नाकपुड्या फुगवल्या की त्याला ते दिसायचं आणि दोर ताणला जाण्याच्या आत त्याचा हात मानेवर पडायचा.

अगाडी-पिछाडीची पद्धत टिकली ती या माणसाच्या बळावर. इंग्रजांच्या हिंदी घोडदळानंही ती उचलली आणि विसाव्या शतकात आणली. तिचे फायदे खरे आहेत. ओळीत बांधलेले घोडे एकमेकांवर लाथा झाडू शकत नाहीत, गोल फिरून दोरात गुरफटत नाहीत, आणि भिंत, झाड, खांब यांपैकी काहीही नसलेल्या उघड्या माळावरही ठाण मांडता येतं. पण त्यासाठी घोडा लहानपणापासून पायातल्या दोराला सरावलेला लागतो, पायाला मऊ पट्टा लागतो, मेख शिरेल अशी माती लागते आणि उशाशी माणूस लागतो. यांतलं एक जरी कमी पडलं तरी पद्धत उलटते. मागचे दोन्ही पाय अडकलेला घोडा घाबरून पुढं झेपावला की तोंडावर आपटतो, आणि सिमेंटच्या फरशीवर आपटलेला घोडा पुन्हा उभा राहीलच असं नाही. बुजऱ्या घोड्याला पिछाडी बांधू नये. परंपरेबद्दल आदर बाळगूनही हे स्पष्ट सांगायला हवं.

आता राजवाड्यासमोरचा आजचा घोडा बघू. तो बहुधा नवरदेवाची घोडी असतो. अंगावर जरीची झूल, डोक्याला तुरा, भोवती बँड, ढोल, डीजेचा गाडा आणि लडी लावणारी पोरं. सराफा आणि खजुरी बाजाराच्या बाजूनं येणारी दुचाक्यांची रांग तिच्या शेपटीला घासून जाते. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात, रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. त्या गेरीत पाण्याच्या टँकरमधून रंगाचे फवारे चार-पाच मजले उंच उडतात. शहराला या आवाजाची हौस आहे आणि ती राहणारच. पण या घोडीच्या दिमतीला पागा नाही. एक घोडीवाला, फार तर एक पोरगा. चहाला जायचं, पैशांचा हिशेब करायचा, दुसऱ्या वरातीचा फोन घ्यायचा, तर घोडी कुठंतरी अडकवावीच लागते. मग जवळ असेल ते लोखंडी कुंपण, उभी रिक्षा, मांडवाचा बांबू किंवा बंद दुकानाच्या शटरचा कोयंडा, आणि दोर म्हणून लगामच.

इथं घोड्याच्या स्वभावाकडे वळायला हवं. घोडा हे पळून वाचलेलं जनावर आहे. त्याला शिंगं नाहीत, नख्या नाहीत. धोका दिसला की आधी पळायचं आणि मग वळून बघायचं, यावर त्याची सगळी शरीररचना बेतलेली आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ ३५० अंशांत दिसतं. दिसत नाही तो नाकासमोरचा छोटा भाग आणि शेपटीमागचा पट्टा. म्हणजे मागून आलेली दुचाकी त्याला आधी ऐकू येते आणि अचानक दिसते. मोकळ्या माळावर तो चार ढांगा पळतो, थांबतो, वळून बघतो, आणि प्रकरण मिटतं. बांधलेला असला तर पहिल्याच ढांगेला मोहरकी, म्हणजे डोक्याला बांधायचा पट्टा, कानांमागं करकचून आवळते. आता आवाजाची भीती मागं पडते आणि अडकल्याची भीती सुरू होते. ही दुसरी भीती पहिलीपेक्षा पुष्कळ मोठी असते. डोक्यामागं दाब आला की उलट ओढायचं, ही घोड्याची उपजत खोड. त्यामुळे तो जितका ओढतो तितका दाब वाढतो आणि दाब वाढतो तितका तो ओढतो.

शिकवून-सवरून तयार केलेले घोडेही याला अपवाद नाहीत. २४ एप्रिल २०२४ रोजी लंडनच्या मध्यवस्तीत ब्रिटिश राजघराण्याच्या घोडदळाचे घोडे सकाळच्या फेरीवर होते. जवळच्या बांधकामावर मलबा खाली पडल्याचा आवाज झाला आणि घोडे स्वारांना पाडून उधळले. त्यांतला विडा नावाचा पांढरा घोडा रक्तानं माखलेल्या छातीनं रहदारीतून धावतानाचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. रोज कवायत करणाऱ्या, मिरवणुकींना सरावलेल्या घोड्यांची ही गत. मग भाड्यानं आणलेली घोडी फटाक्याच्या लडीशेजारी शांत उभी राहील, हा भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

दोर ताणून मागं रेटणाऱ्या घोड्यामुळे इजा तीन प्रकारे होते. पहिली मानेत आणि कानांमागं. तीन-चारशे किलोंचं अंग झटक्यानं मागं फेकलं जातं तेव्हा दोरावर येणारा ताण वजनाच्या कितीतरी पट असू शकतो आणि तो सगळा मोहरकीच्या एका पट्ट्याखाली एकवटतो. दुसरी इजा दोर तुटल्यावर होते. ताण एकदम सुटला की घोडा मागं कोलमडतो, डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आदळतो. अशा पडण्यात कवटीच्या तळाचं हाड मोडतं आणि त्यातून जनावर क्वचितच वाचतं. तिसरी इजा माणसाला होते. मागं रेटणारा घोडा कधीकधी अचानक विचार बदलून पुढं उडी घेतो. तेव्हा खांब आणि घोडा यांच्यामध्ये जो असेल, तो चिरडतो. दोर सोडवायला धावणारा माणूस हमखास नेमका तिथंच असतो.

लगामानं बांधण्याची सवय सर्वांत वाईट. लगामाची कडी तोंडात, जिभेवर आणि जबड्याच्या नाजूक हाडावर बसलेली असते. हिसका बसला की जीभ कापते, जबडा फाटतो. काटेरी लगाम तर १९६५च्या ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या क्रूरताविरोधी नियमांनी बंद केला आहे, तरी तो बाजारात मिळतो आणि वापरला जातो. घोडा बांधायचा तर मोहरकीनं. लगामाखाली मोहरकी चढवून ठेवली तर वरातीतसुद्धा ती झुलीखाली झाकून जाते, दिसत नाही. ही हौसेच्या आड येणारी गोष्ट नव्हे.

कशाला बांधायचं, याचा नियम सोपा आहे आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो. घोड्याबरोबर उपटून येईल, अशा कशालाही बांधू नये. खुर्ची, सायकल, मांडवाचा बांबू, कुंपणाची सुटी आडवी पट्टी, दाराची कडी, उभं वाहन. घोडा पळतो आणि त्याच्यामागून बांबू खडखडत येतो. मग तो त्या बांबूपासून पळतो, आणि बांबू काही पाठ सोडत नाही. मुळात किरकोळ असलेली भीती अशी गल्लीभर पसरते. खांब पक्का पुरलेला, कडी त्यात घट्ट बसवलेली, आणि तिची उंची घोड्याची मान जिथं पाठीला मिळते त्या उंचवट्याइतकी किंवा त्याहून जास्त हवी. खाली बांधलेल्या दोरावर घोड्याला मानेचं सगळं बळ लावता येतं; वर बांधलेल्या दोरावर ते तितकं लागत नाही. दोराची मोकळी लांबी हातभर, फार तर अडीच फूट. डोकं सहज हलावं, पण पुढचा पाय दोरावरून पलीकडे जाऊ नये. दयाळू माणसं दोर लांब सोडतात आणि तिथंच घात होतो, कारण लांब दोर पायात अडकतो आणि झटक्याला वेग मिळवून देतो.

गाठ सुरगाठच हवी. दोर कडीतून ओवायचा, मोकळ्या टोकाकडच्या भागाचा एक फास करायचा, तो घोड्याकडे जाणाऱ्या दोरावरून घ्यायचा आणि मोकळ्या बाजूचा दुमडलेला दोर, टोक नव्हे, त्या फासातून ओढून घट्ट करायचा. शेपूट लोंबत राहतं. ते ओढलं की गाठ सुटते. हे वाचून येत नाही. अंधारात, एका हातानं, डोळे मिटून येईपर्यंत हात बसवावा लागतो. हुशार घोडे दातांनी शेपूट ओढून स्वतःला सोडवतात, म्हणून लोक ते टोक फासातून पुन्हा ओवून ठेवतात. तसं केलं तर वेळेला तेही काढावं लागणार, हे ध्यानात ठेवून करावं. गाठ घालताना बोट फासात ठेवू नये. घोड्यानं त्याच क्षणी मान उडवली तर बोट जातं.

पण सुरगाठीवर आंधळा विश्वासही नको. घोड्यानं सगळं वजन टाकल्यावर साध्या सुती दोराची सुरगाठसुद्धा आवळून दगड होते. अशा वेळी लागते ती खिशातली धारदार सुरी. परदेशात ताणाखालीही खटक्यासरशी सुटणारे हुक मिळतात. ते खांबाच्या बाजूला लावायचे, घोड्याच्या हनुवटीखाली नाही, म्हणजे सोडायला डोक्यापाशी जावं लागत नाही. दोर जाड सुती बरा. नायलॉन तुटत नाही, हातातून सरकला तर कातडी सोलतो. साखळीबद्दल न बोललेलं बरं.

इथून पुढं घोडेवाल्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कडी आणि दोर यांच्यामध्ये सुतळीचा एक वेढा घालावा. घोडा बुजला की सुतळी तुटावी, घोड्याची मान वाचावी. कातडी पट्ट्याची मोहरकीही याच हिशेबानं वापरतात, कारण वेळेला ती नायलॉनच्या आधी तुटते. दुसरा तट म्हणतो, एकदा सुतळी तुटली की घोडा शिकला. ओढलं की सुटका होते, हे कळल्यावर तो भीती नसतानाही ओढून बघतो, आणि मग त्याला कुठंच बांधता येत नाही. दोघांचंही खरं आहे. या पुस्तिकेचा कौल जागेवर अवलंबून आहे. चारी बाजूंनी भिंत असलेल्या तबेल्याच्या आवारात सुतळी चांगली. सुटलेला घोडा फार तर गवताच्या गंजीपर्यंत जाईल. राजवाड्याच्या चौकात सुतळी म्हणजे घोडा गर्दीत सोडून देणं. आणि तिथं पक्का दोर म्हणजे घोड्याची मान पणाला लावणं. चौकात, मिरवणुकीत, वरातीत बुजऱ्या घोड्याला बांधूच नये. माणसानं धरावा. लांब दोर, हातात मोजे, दोर मुठीभोवती न गुंडाळता. त्यासाठी एक जादा माणूस लागतो, त्याची मजुरी लागते, आणि वराती ठरवणाऱ्यांनी ती द्यायला हवी.

दोन तटांच्या मधला एक मार्ग आहे आणि तोच सर्वांत शहाणपणाचा दिसतो: दोर सुटूही नये आणि अडूही नये, सरकावा. अमेरिकेत त्यासाठी खास कड्या विकल्या जातात. दोर कडीतल्या धातूच्या जिभेवरून जातो, गाठ मारलेली नसते. घोडा मागं रेटतो तेव्हा घर्षणाशी झगडत दोर थोडा थोडा बाहेर येतो. घोड्याला अडकल्याचा धक्का बसत नाही आणि सुटल्याचा आनंदही होत नाही. बहुतेक घोडे चार-सहा फूट मागं जाऊन, काहीच घडलं नाही असं बघून थांबतात. मग दोर पुन्हा आत ओढून घ्यायचा. ही कडी नसेल तर गुळगुळीत आडव्या वाशाभोवती लांब दोराचे एक-दोन वेढे घ्यावेत आणि टोक हातात धरून बाजूला उभं राहावं, तत्त्व तेच. काही जण जुनी रबरी ट्यूब खांबाला बांधून तिला दोर जोडतात. ट्यूब ताण खाते हे खरं, पण मधला हुक तुटला तर तो गोफणीतल्या दगडाच्या वेगानं परत येतो, आणि समोर घोड्याचा डोळा असतो.

रात्रीचं बांधणं हा वेगळाच विषय आहे. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो, म्हणून तो आडवा होतच नाही, असा समज पसरलेला आहे. गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. अडीच फुटी दोरावर महिनोन्महिने रात्र काढणारा घोडा अर्धवट झोपेत राहतो आणि अर्धवट झोपलेला घोडा अधिक बुजतो. उगाच आखूड दोरानं किंवा जड साखळीनं जनावर फार काळ बांधून ठेवणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हाही आहे. इंग्रजी तबेल्यांत यावर जुना उपाय होता. दोर कडीतून सैल ओवायचा आणि पलीकडच्या टोकाला लाकडाचा जड गोळा अडकवायचा. घोडा खाली बसला की गोळा वर जातो, उठला की खाली येतो. दोर सदा ताठ, पायात अडकण्याइतका सैल कधीच नाही. कुठल्याही सुताराला अर्ध्या दिवसात जमेल असं हे काम आपल्याकडच्या तबेल्यांत फारसं का रुजलं नाही, याचं नवल वाटतं. बंदिस्त जागा असेल तर अर्थात सर्वांत उत्तम म्हणजे रात्री घोडा मोकळाच ठेवावा.

महाराष्ट्रात हे सगळे प्रकार एकाच ठिकाणी बघायचे तर मार्गशीर्षात सारंगखेड्याला जावं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे, वेगवेगळ्या प्रांतांचे घोडे आणि त्यांच्याबरोबर प्रत्येक प्रांताची बांधायची रीत. परक्या जागी, परक्या घोड्यांत, कर्ण्यांच्या आवाजात प्रवासानं शिणलेला घोडा कसा वागतो, हे विकत घेणाऱ्यानं जरूर बघावं. चाल आणि आयाळ सगळेच बघतात. हुशार गिऱ्हाईक घोडा चालताना बघण्याआधी बांधलेला असताना अर्धा तास बघतं. मोहरकीच्या पट्ट्याखाली कानांमागं केस झडलेले किंवा जुना वळ असेल, तर घोडा ओढणारा आहे, हे विक्रेत्यानं न सांगताही कळतं.

कानांमागच्या त्या जागेचं महत्त्व फार जुनं आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफननं घोडेस्वारीवर लिहिलेल्या पुस्तकात मोतद्दाराला ताकीद दिली आहे की, मोहरकीची गाठ पट्टा बसतो त्या जागी येऊ देऊ नये. घोडा डोकं गव्हाणीला घासतो, तिथं जखम होते, आणि मग तो लगाम चढवताना आणि खरारा करताना हट्टी होतो. आजही ओढणाऱ्या घोड्याचा इलाज सुरू करण्याआधी ही जागा, कान आणि दात डॉक्टरला दाखवून घ्यावेत. दुखतंय म्हणून ओढणाऱ्या घोड्याला शिस्त लावत बसण्यात काही अर्थ नसतो.

शिकवणीचा भाग या पुस्तिकेत सर्वांत मोठा आहे, कारण गाठ आणि कडी या शेवटच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे दाबाला नमणं. मोहरकीचा दोर हलकेच खाली किंवा पुढं ओढायचा, घोड्यानं बोटभर मान दिली की त्याच क्षणी सैल सोडायचा. दाब सोडणं हेच त्याचं बक्षीस, आणि ते उशिरा मिळालं तर त्याला काही कळत नाही. हे शंभरदा झालं की कानांमागं दाब आल्यावर ओढायच्याऐवजी पुढं यायचं, हे त्याच्या अंगात मुरतं. मग वाशाभोवतीचे वेढे, मग सरकती कडी, मग थोडा वेळ बांधणं, तेही समोर चारा आणि शेजारी एखादा शांत म्हातारा घोडा असताना. आवाजाची सवय लांबून जवळ आणायची. पहिल्याच दिवशी ढोलाशेजारी उभं करणं म्हणजे शिकवणी नव्हे, छळ. धीरानं केलं तर घोडा कुठवर जाऊ शकतो, हे बघायला आषाढी वारी आहे. अंकलीच्या शितोळे सरकारांचे मानाचे अश्व माउलींच्या पालखीसोबत चालतात आणि हजारो टाळ-मृदंगांच्या गजरात, माणसांच्या कड्यात रिंगण धावतात. ती सवय एका दिवसाची नसते.

वयात आलेला, ओढायची खोड जडलेला घोडा मात्र पुरता सुधारत नाही, हे मान्य करावं. काही महिने शांत राहतो आणि एका दिवशी प्लास्टिकची पिशवी उडाली म्हणून खांब हलवतो. अशा घोड्याला जन्मभर सरकत्या कडीवर किंवा माणसाच्या हातात ठेवावं आणि विकताना हे सांगून विकावं. ऐन झटापटीत काय करायचं, तेही थोडक्यात: पुढं उभं राहायचं नाही, दोराखालून वाकून जायचं नाही, ओरडायचं नाही, मारायचं नाही. खांद्याच्या रेषेत, बाजूला, हात पोचेल तर शेपूट ओढायचं. पोचत नसेल तर दूर राहून घोड्याला एक पाऊल पुढं यायला सवड द्यायची. तो पुढं आला की दोर आपोआप सैल पडतो.

२०२४च्या सुरुवातीला भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून केंद्रीय संस्थेची नोंदणी मिळाली. भीमेच्या खोऱ्यातल्या ज्या काटक तट्टांवर मराठी फौजा दौडल्या, त्यांच्याकडे पुन्हा लक्ष जाऊ लागलं आहे, आणि नवी, हौशी, शहरात राहणारी माणसं घोडे पाळू लागली आहेत. त्यांच्या घरात मोतद्दाराची परंपरा नाही, चाबूकस्वार नाही. बहुतेकांना घोडा चढायला येतो, बांधायला येत नाही. पुढची प्रकरणं मुख्यतः त्यांच्यासाठी आणि वरातीच्या घोडीवाल्यांसाठी लिहिली आहेत. पहिल्या दोन प्रकरणांत मोहरकी, दोर, गाठी आणि कड्या आकृत्यांसह आहेत. तिसऱ्यात शिंगराची शिकवणी आहे, चौथ्यात वरात आणि यात्रा. ज्यांचा घोडा आधीच दोर तोडायला शिकला आहे, त्यांनी पाचवं प्रकरण आधी वाचावं, आणि ते वाचून होईपर्यंत घोडा आवारात मोकळा ठेवावा.